अर्ध्या माशाचा कमरपट्टा

एका गावात सगळ्यांकडे चांदी होती, पण ती अर्धीच होती.

बायका उजव्या पायात जाडजूड तोडा घालत आणि डावा पाय मोकळा ठेवत. पुरुषांच्या सणाच्या अंगरख्याला गळ्याशी चांदीची एकच गुंडी असे, आणि तिच्या जोडीच्या जागी दोऱ्याची गाठ. कुणाच्या घरी एकच वाळा होता, कुणाच्या घरी एकच जोडवं. नवी सून घरात आली की सासू ती अर्धी वस्तू तिच्या अंगावर चढवी आणि बजावी, "काही झालं तरी ही उतरवायची नाही." का उतरवायची नाही, ते सासूलाही माहीत नसे. तिच्या सासूने तिला तसंच बजावलेलं असे.

आसपासच्या गावांनी त्या गावाचं नाव अर्धेवाडी ठेवलं होतं. "अर्धेवाडीचा पाहुणा आलाय, भाकरी मोडून अर्धीच वाढा," अशी थट्टा चाले. एवढी थट्टा झाल्यावर एखाद्याने विचारायला नको का, की बाबांनो, आपली दुसरी अर्धी चांदी गेली कुठे? पण कुणी विचारत नव्हतं. "पहिल्यापासून चालत आलंय," एवढ्यावर सगळ्यांची समजूत पटायची. आपलंही तसंच असतं म्हणा.

त्या गावात एक कुंभार होता आणि त्याची कुंभारीण होती. त्यांच्या घरच्या वाट्याला आला होता चांदीचा कमरपट्टा. त्याच्या एका टोकाला माशाचं शेपूट होतं, त्याला पुढे आकडा. दुसऱ्या टोकाला माशाचं डोकं असायला हवं होतं, म्हणजे आकडा त्यात अडकला असता आणि पोटावर सबंध मासा दिसला असता. पण डोकंच नव्हतं. म्हणून कुंभारीण ती दोन टोकं काळ्या दोऱ्याने बांधायची. दिवसभर वाकून माती मळायची, पाणी आणायचं, मडकी उचलायची. दोरा बिचारा किती टिकणार? घडीघडीला तो सुटायचा आणि ती म्हणायची, "सुटली बाई!" चिखलाच्या हातांनी पुन्हा गाठ मारायची.

कुंभार एकदा म्हणाला, "अगं, सोनाराकडनं नवं डोकं करून आणू की."

"नवं जुळंल वो," ती म्हणाली, "पर ते ह्या शेपटाचं नसंल. मला ह्याचंच पायजे. मरायच्या आधी एकदा तरी हा मासा पुरा झालेला बघायचाय मला."

कुंभार हसला. बायकांचे हट्ट, दुसरं काय!

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. गावचं तळं आटलं, तशी कुंभाराला तळाची चांगली चिकट माती खणायला मिळाली. खणता खणता कुदळ कशावर तरी ठण्णकन वाजली. त्याने हातांनी माती बाजूला केली. आत एक जाड काठाचं मडकं होतं, तोंडावर झाकण ठेवून मेणाने बंद केलेलं. कुंभारच तो, आधी मडक्याचीच तारीफ केली. मग झाकण फोडलं.

आत काळी काळी ढेकळं भरली होती. त्याने एक उचलून धोतराला घासलं. काठाशी पांढरी लकेर चमकली.

चांदी!

 कुंभार तिथंच चिखलात बसला. चारी बाजूंना पाहिलं. दूर एक म्हैस तेवढी होती, आणि तिला चांदीशी काही देणंघेणं नव्हतं.

त्याने मडक्यात हात घातला. एक तोडा निघाला. त्याची जोडी शोधली, ती काही सापडेना. दुसरा तोडा निघाला, तो निराळ्याच नक्षीचा. एक गुंडी, एक वाळा, एक जोडवं. सगळं एकेक! "कुण्या चोराचा माल दिसतोय," तो स्वतःशीच म्हणाला. "मेला चोरपण कसला येडा, जोडीतला एकच उचलायचा!"

तुमच्या-माझ्या केव्हाच ध्यानात आलं असेल. मग त्याच्या कसं आलं नाही? जन्म काढला अर्धेवाडीत, बायको रोज डोळ्यांसमोर अर्ध्या माशाला दोरा बांधते, आणि अर्ध्या वस्तूंनी भरलेलं मडकं हातात घेऊन हा माणूस चोराला हसतो! पण तो वस्तू बघतच नव्हता. तो वजन बघत होता.

गावाचा एक नियम होता. तळं सगळ्यांचं, म्हणून तळ्यात जे सापडेल ते आधी चावडीवर न्यायचं. चुकलेली शेळी सापडली तरी तसंच करायचं. हा नियम कुंभाराला पाठ होता. त्याने मडकं टोपलीत ठेवलं, वर ओली माती थापली, आणि चावडीच्या मागच्या बोळातून तो घरी आला.

आता मडकं लपवायचं कुठे? घराचा कोपरा न् कोपरा कुंभारीण सारवते. परसात कोंबड्या उकरतात. तेवढ्यात त्याची नजर अंगणातल्या आव्याकडे गेली. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. कच्ची मडकी एकावर एक रचून, मध्ये लाकडं-गोवऱ्या घालून, वरून पाचट आणि राख लिंपतात, आणि मग पेटवतात. हा आवा बहुतेक रचून झाला होता. रचलेल्या आव्याला दुसरं कुणी हात लावत नाही. कुंभारीण पाण्याला गेल्याचं बघून त्याने मडकं अगदी तळाशी, मोठ्या रांजणाखाली सरकवलं. त्याआधी एक लहानसं ढेकूळ न बघताच उचललं आणि नमुना म्हणून कनवटीला लावलं.

एक अडचण मात्र होती. आव्याला आग लावायचा मान कुंभारणीचा. तिने विस्तव आणायचा, हात जोडायचे आणि पेटवायचं. म्हणून कुंभार तिला म्हणाला, "मी बाजारगावी जाऊन येतो. तवर आवा लावू नगंस. लाकडं ओली हायेत."

"ओली? काल तर कडाकडा मोडत हुती."

"एकदा सांगितलं ना, नगं म्हणून!"

इतक्या वर्षांत तो तिच्याशी असं कधी बोलला नव्हता.

बाजारगावचा सोनार म्हातारा आणि शांत होता. कुंभाराने ते ढेकूळ त्याच्या हातावर ठेवलं आणि हळूच विचारलं, "असलीच पुष्कळ हाय. गुपचूप वितळवून द्याल का?"

सोनाराने ते उलटंपालटं करून पाहिलं. त्याने रिठ्याच्या पाण्यात ते भिजवलं, चिंच लावली आणि कुंचल्याने घासायला लागला. काळा थर निघत गेला. आधी एक गोल डोळा दिसला, मग उघडं तोंड, मग कल्ल्यांच्या बारीक रेघा.

"मासा आहे," सोनार म्हणाला. "म्हणजे माशाचं डोकं आहे. कमरपट्ट्याला बसणारं. आकडा अडकवायला मागे ही खाच ठेवलीय बघ. पण हे अर्धंच झालं. शेपूट कुठंय?"

कुंभार एकदम मागे सरकला.

"काय रे, काय झालं?"

"शेपूट..." कुंभार म्हणाला, "शेपूट माझ्या बायकूच्या कमरेला हाय."

सोनाराने घासायचं थांबवलं. "कुठल्या गावचा तू?"

कुंभाराने गाव सांगितलं. सोनाराने हातातला कुंचला खाली ठेवला.

"म्हणजे माझा आजा सांगायचा ते खरं होतं तर! फार पूर्वी तुमच्या गावावर लुटारूंची धाड येणार होती. गाव सोडून पळायचं ठरलं. तेव्हा सगळ्यांनी आपापल्या दागिन्यांतला अर्धा भाग एका मडक्यात घातला आणि ते मडकं पुरलं. अर्धा अंगावर ठेवला. का, ते आलं ध्यानात? एकट्याने मडकं उकरलं तर त्याला फक्त स्वतःचं जुळणार. बाकीच्यांचं जुळवायला सगळा गाव बोलवावा लागणार. अंगावरचा अर्धा उतरवायचा नाही, कारण तीच खूण. पण ज्यांना जागा ठाऊक होती, ते परत आलेच नाहीत. बायकापोरं आली, आणि पिढ्या गेल्या तसं बजावलेलं तेवढं लक्षात राहिलं."

कुंभाराच्या डोळ्यांपुढे गावातल्या बायकांचे मोकळे डावे पाय आले. गावाने पिढ्यान् पिढ्या जपलेल्या विश्वासावर आपण रांजण ठेवून आलो! त्याला स्वतःची किळस आली. माशाचं डोकं कनवटीला बांधून तो तडक उठला आणि पाण्याचा घोटही न घेता गावाकडे धावत सुटला.

वाटेत त्याने सगळं ठरवलं. चावडीवर जायचं. पाया पडायचं. म्हणायचं, "चुकलो, पण बघा काय आणलंय!" आधी शिव्या बसतील, मग एकेक तोडा एकेका पायात जाईल, आणि शिव्या देणारे रडायला लागतील. आणि घरी गेल्यावर कुंभारणीचा मासा... त्या विचाराने त्याला धावता धावता हसू आलं.

टेकडीवर पोचला आणि थबकला. खाली त्याच्या अंगणातून धूर निघत होता.

तो उतारावरून पडत-धडपडत घरी पोचला. अंगणात अर्धा गाव जमला होता. कुणी गोवऱ्या आणत होतं, कुणी पाचट टाकत होतं. आभाळ काळं झालं होतं आणि वारा सुटला होता. कुंभारीण घामाने निथळत होती, पण तोंडावर समाधान होतं.

"आलात व्हय! अवो, आभाळ भरून आलं. पाणी पडलं असतं तर कच्च्या मालाचा चिखल झाला असता. लाकडं वाळलेलीच हुती. मी लावला आवा. ही समदी हातातली कामं टाकून धावून आली बघा."

आग नुकतीच एका कडेला धरली होती. मधला रांजण अजून थंड असणार. अजून वेळ होता! कुंभाराने बांबू उचलला आणि तो आव्यात खुपसायला धावला.

"अरं, अरं, येड लागलं का?" चौघांनी त्याला धरलं. "पेटलेला आवा मोडतंय का कुणी?"

गावातली सगळ्यांत म्हातारी बाई पुढे झाली. पाठीतून वाकलेली, उजव्या पायात झिजलेला तोडा. हातातली गोवरी खाली ठेवून तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"लेकरा, काय हाय आत? सांग. मोलाचं काही आसंल तर आत्ता आवा मोडू. मडकी गेली तर गेली."

पाच-सहा जणांनी आवा उकलायला बांबू उचलले. त्याने एक शब्द बोलायचा अवकाश, तो आवा क्षणात मोकळा झाला असता.

कुंभाराने त्या माणसांकडे पाहिलं. त्याच्यासाठी स्वतःचं काम टाकून आलेली, राखेने माखलेली माणसं. आता यांना सांगायचं, की मी तुमची चांदी चोरली? चावडी चुकवून बोळातून आणली? टेकडीपलीकडे किती सोपं वाटलं होतं ते!

"काही नाही," तो म्हणाला.

"नक्की?"

"काही नाही. मालाची काळजी वाटली, एवढंच."

माणसं हसली. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली. आणि पुन्हा गोवऱ्या पडायला लागल्या. हवा दमट म्हणून नेहमीपेक्षा जास्त लाकूड घातलं गेलं. आवा असा भडकला की जवळ उभं राहवेना. कुंभार उकिडवा बसून बघत राहिला. माणसाने तोंड उघडावं म्हणून आग जरा दम धरते, असं कुठे ऐकलंय?

आवा विझून निवला, तेव्हा कुंभारीण मडकी उतरवायला बसली. वरची लाल, खणखणीत भाजली होती. तिने मोठा रांजण बाजूला केला आणि किंकाळी फोडली.

गाव धावत आला. रांजणाखाली एक मडकं तडकलं होतं, आणि त्यातून वाहून राखेत थिजला होता चांदीचा ओबडधोबड गोळा. मधूनमधून कोळसे अडकलेला, झाडाच्या मुळांसारखा फाकलेला. सगळ्यांचे डोळे विस्फारले.

"देवीची करणी!" कुणीतरी ओरडलं. कुणी हळद-कुंकू आणायला पळालं.

पाटलांनी गोळ्याला हात लावून पाहिला. म्हणाले, "तळ्यात सापडलं आसतं तर गावाचं झालं आसतं. पर हे कुंभाराच्या आव्यात सापडलं. तवा ही चांदी कुंभाराची. काय, मंडळी?"

"कुंभाराचीच!" गाव एका आवाजात म्हणाला. कुणाच्याही तोंडावर हेव्याची रेघ नव्हती. म्हातारी तर आनंदाने टाळ्या वाजवत होती.

कुंभारीण हसत होती, रडत होती. एवढ्यात तिच्या कमरेचा दोरा सुटला. "सुटली बाई!" ती म्हणाली आणि गाठ मारायला लागली.

ते मात्र कुंभाराला सोसवलं नाही. तो उठला. कनवटीतून माशाचं डोकं काढलं, तिच्यापाशी गेला आणि शेपटाचा आकडा त्या खाचेत सरकवला.

खट् असा आवाज झाला. मासा पुरा झाला.

कुंभारीण पोटाकडे बघत राहिली. डोळा, कल्ले, खवले, शेपूट. मध्ये केसाएवढीही फट नव्हती. "हे... हे कुठलं वो?"

आणि मग कुंभाराने सगळं सांगितलं. तळं, मडकं, बोळ, रांजण, सोनार. काही झाकलं नाही. आता झाकण्यासारखं उरलं तरी काय होतं?

हळूहळू सगळ्यांच्या नजरा त्या गोळ्याकडे वळल्या. पाटलांची नवी सून, जिचं एकाच तोड्यापायी माहेरी हसं झालं होतं, ती गोळ्याजवळ बसली. त्याच्या कडेला नक्षीचा एवढासा तुकडा न वितळता राहिला होता. तिने आपल्या उजव्या पायातला तोडा त्याला लावून पाहिला. जुळला नाही. मग दुसरी पुढे आली, तिने आपला लावला. मग तिसरी. त्या कुणाचाच जुळला नाही.

शेवटी म्हातारी खाली बसली आणि तिने पाय पुढे केला. तिचा तोडा झिजलेला होता, पण त्याची वेल त्या तुकड्यातल्या वेलीला नेमकी मिळाली. म्हातारीने आपल्या मोकळ्या डाव्या पायावर हात ठेवला. त्या पायात घालण्यापुरतं आता काही उरलेलं नव्हतं.

कुणी कुंभाराला मारलं नाही. शिवीसुद्धा दिली नाही. म्हातारी एवढंच म्हणाली, "लेकरा, चोरी केलीस ती सोसली आसती. पर मी तुला इचारलं हुतं रं. आगीफुडं उभी राहून इचारलं हुतं."

कुंभार जमिनीवर कपाळ टेकून हुंदके देऊ लागला.

कुंभारणीने खाली पाहिलं. जन्मभर ज्याची वाट बघितली, तो मासा तिच्या पोटावर चमकत होता. तिने त्यावरून एकदा बोट फिरवलं. मग आकडा सोडवला आणि डोकं त्या गोळ्यावर नेऊन ठेवलं.

"अगं, तुझं तुला मिळालंय," पाटील म्हणाले. "तू काय गुन्हा केलास? घाल ते."

"समदा गाव अर्धा, आन् मी एकटी पुरी व्हय?" ती म्हणाली. "पाण्याला कुणासंगं जाऊ मग?" आणि काळा दोरा घेऊन तिने गाठ मारली.

तो चांदीचा गोळा गावाने वाटून घेतला नाही आणि विकलाही नाही. चावडीत एका कोनाड्यात ठेवला, आणि त्याच्यावर माशाचं डोकं. नवी सून आली की तिला आधी तिथे नेतात आणि ही गोष्ट सांगतात. आता एकच तोडा का घालायचा, असं त्या गावात कुणाला विचारावं लागत नाही.

आणखी एक रीत तेव्हापासून पडली. आवा रचून झाला की गाव अंगणात जमतो. विस्तव हातात घेऊन कुंभारीण उभी राहते आणि सगळ्यांदेखत विचारते, "आत काय हाय?" मग कुंभार एकेक भांडं मोठ्याने सांगतो: घागरी, परळ, पणत्या, रांजण, चुकून राहिलेली शेणाची पाटी असली तर तीसुद्धा. त्याचं सांगून झाल्यावरच आग लागते. "काही नाही" असं मात्र त्या गावात आव्यापुढे पुन्हा कुणी म्हणालेलं नाही.

तात्पर्य एवढंच, मुलांनो आणि मोठ्यांनो: जे सगळ्यांचं आहे ते एकट्याने झाकू नये. आणि झाकलंच, तर कुणी मायेने "आत काय आहे?" असं विचारताच सांगून मोकळं व्हावं. चोरीपेक्षा त्या वेळच्या "काही नाही"नेच जास्त जळतं.